अडतिसावा नमुना

अडतीस नंबरच्या थेंबात दाणे धरले तेव्हा बुद्धघोषला आधी बरंच वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. चौदा वर्षांची सवय, दुसरं काय. धाराशिवला जनावरांच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत तो चौदा वर्षं हेच करत आला होता. हातात मावेल एवढ्या पांढऱ्या फरशीवर शेळीच्या रक्ताच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, शेजारी गुलाबी औषधाचा एक, काडीनं दोन्ही कालवायचे आणि फरशी हातात धरून चार मिनिटं हलवत राहायचं. रोग नसला तर थेंब तसाच गुलाबी, गुळगुळीत राहतो. असला तर नासक्या दुधासारखे त्यात बारीक बारीक दाणे येतात. दाणे स्वच्छ दिसले की हातातलं काम चोख झाल्याचा आनंद होतो, मग त्या दाण्यांमागं कुणाची का शेळी असेना. त्या दुपारी रजिस्टरात शेळ्या होत्या सदतीस, सगळ्या वाशी तालुक्यातल्या एकाच वाडीवरच्या, जिथं महिन्याभरात नऊ शेळ्या दिवस भरायच्या आधीच गाभडल्या होत्या. अडतीस नंबरपुढं गाव नव्हतं, मालकाचं नाव नव्हतं, रंग नव्हता, वय नव्हतं. सकाळी मुजीबला चहा आणायला पाठवून, दंडावरची पट्टी दातानं आवळून, त्यानं स्वतःच्याच हातातून ते रक्त काढलं होतं.

मुजीब म्हणजे तिथला परिचर. वीस वर्षं शेळ्यांची मानगूट धरून धरून त्याची नजर अशी तयार झाली होती की डॉक्टरांनी सुद्धा एकदा त्याला विचारून घ्यावं. तो मागून आला, खांद्यावरून वाकून त्यानं फरशीकडं बघितलं. "या अल्ला, ही तर पक्की हाय, साहेब. अडतीस कुनाची?" बुद्धघोष म्हणाला, "आमच्या घरची." मुजीब हसला. "तुमी कवा शेळी पाळली? भाभी घरात मांजर येऊ देत न्हाईत." मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाला, "मालकाला सांगा, कळपातनं भाईर काढ म्हनावं. दुसऱ्या जनावराजवळ बांधू नगं, दूध वापरू नगं. ठेवून काय उपेग न्हाय तिचा." हे वाक्य बुद्धघोषनंच त्याला शिकवलं होतं. शब्द न् शब्द बरोबर म्हटलं म्हणून त्याला शाबासकी द्यायला हवी होती. त्याऐवजी त्यानं फरशी जंतुनाशकात बुडवली, हातमोजे काढले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर लिंबाखाली कुणीतरी एक म्हैस आणून बांधली होती आणि ती शांतपणे कार्यालयाच्या सूचनाफलकाला अंग घासत होती. आपल्याला चार महिने जे माहीत होतं ते आज फक्त दिसलं, असं त्याला वाटलं.

माहीत होतं म्हणजे काय, ते तरी कुणाला नीट सांगता येतं? मार्गशीर्षापासून रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याच्या पाठीच्या मणक्यातून थंडी वर चढायची. घरी पोचेपर्यंत डोळे जड व्हायचे, सांधे ठणकायचे, आणि पहाटे बनियन पिळून काढावा इतका घाम. सकाळी पुन्हा काही नाही. माणूस दाढी करून, नीटनेटका, ऑफिसात हजर. डॉक्टरांनी मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला, मागच्या भाद्रपदात डेंगी होऊन गेला होता म्हणून तोही पुन्हा बघितला. काही सापडलं नाही तेव्हा त्यांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. बुद्धघोष त्यांना एवढंच सांगू शकला असता, की डॉक्टर, मी शेळ्यांच्या रोगांचं काम करतो, तेवढं एक तपासा. चारदा तो दवाखान्याची पायरी चढला आणि चारदा हे वाक्य तोंडात धरून परत आला. घरी पौर्णिमाला म्हणाला, कामाचा शीण आहे. पौर्णिमा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, थापा ओळखण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. ती म्हणाली, "शीण रविवारी पण येतो का? चांगलाय की, सुट्टी न घेणारा शीण."

आता खिडकीशी उभं राहून तो स्वतःलाच विचारत होता, की ते वाक्य तोंडातच का राहिलं. भीती नव्हती. हा काही जिवावरचा आजार नाही, सहा आठवडे गोळ्या खाल्ल्या की माणूस मोकळा. उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ते फार लहान, फार बावळट होतं. रोग सापडला असता तर डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला असता: कुठून लागला? प्रयोगशाळेत तो मोज्याशिवाय कशाला हात लावत नाही, सगळं ऑफिस त्याच्या या सोवळेपणाची टिंगल करतं. मग राहिलं काय? राहिलं ते दूध. आणि दूध म्हणजे सुमनबाई, पौर्णिमाची आई, परंड्याजवळच्या गावात एकटीच राहणारी त्याची सासू. तिच्या दुधावर रोगाचा संशय घ्यायला त्याचं मन तयार नव्हतं. एवढंच होतं ते. चौदा वर्षांच्या अनुभवाला एका म्हातारीच्या मायेनं असं गुंडाळून ठेवलं होतं.

आणि का गुंडाळू नये? बुद्धघोष चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. पाचवीपासून तो समाजकल्याणच्या वसतिगृहात, कॉलेजातही वसतिगृहात. वसतिगृहात दूध मिळायचं ते पंधरा ऑगस्टला, पावडरीचं, पाण्याहून थोडंच पांढरं. आपल्यासाठी कुणी जागचं उठलं, असं त्याच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. ताट असायचं, पण ते सगळ्यांबरोबर, घंटा झाली की. अकरा वर्षांपूर्वी लग्नानंतर पहिल्यांदा तो परंड्याला गेला तेव्हा सासरे पिराजी हयात होते. ते त्याला बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसवून शिक्षणाविषयी गंभीरपणे बोलत होते आणि बाहेर सुमनबाई भांडं घेऊन शेळीखाली बसली होती. धार काढून ती तशीच आत आली. पितळी पेल्यात दूध, वर बोटभर फेस, पेला हाताला कोमट. बुद्धघोषच्या जिभेवर 'उकळून द्या' हे शब्द अगदी आले होते, तीनच वर्षं नोकरी झालेला माणूस, नियम तोंडपाठ. तेवढ्यात ती म्हणाली, "तुमच्या आईच्या हातचं न्हाय, पर घ्या." त्यानं पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. ओठावर फेसाची मिशी राहिली. सुमनबाई पदर तोंडाला लावून हसली, आणि या बाईसाठी आपण वाटेल ते करू असं त्याला त्या क्षणी वाटलं. तिच्यासाठी करण्यासारखं मात्र कधी काही निघालं नाही. ती मागायचीच नाही. मग तो एवढंच करत राहिला, की ती जे देईल ते नाही म्हणायचं नाही.

भाद्रपदात डेंगी झाला तेव्हा अख्खं धाराशिव त्याला सांगत होतं, शेळीचं कच्चं दूध प्या, पेशी वाढतात. याला पुरावा नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण सुमनबाईनं फोनवर ते ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून परंड्याहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुधाची बाटली येऊ लागली. तेव्हा ती धडधाकट होती, रोज फाट्यापर्यंत चालत जायची बाटली द्यायला. बाटली घरी आली की पौर्णिमा पहिल्यांदा पातेलं गॅसवर चढवायची. ती शिक्षिका, तिचं बरोबरच होतं. पण संध्याकाळी सातला फोन यायचा, आणि फोनवर एकच चौकशी: "बापू, कच्चंच प्यायला नव्हं? उकळलं की सारी ताकद जाती." बुद्धघोषला तिच्याशी खोटं बोलता येईना. म्हणून तो काय करायचा, तर आंघोळ करून स्टँडवर जायचा, बाटली घ्यायचा, चौकशी खिडकीच्या मागं उभा राहून अर्धी तिथंच प्यायचा आणि अर्धी घरी आणायचा. म्हणजे बायकोचंही मन राहिलं, सासूचंही राहिलं. डेंगी आठवड्यात बरा झाला. बाटली पौषापर्यंत येत राहिली. गावोगावच्या शेळीपालकांना 'दूध उकळूनच प्या' असा तक्ता दाखवणारा शासकीय माणूस चाळिसाव्या वर्षी एसटी स्टँडच्या मागं चोरून कच्चं दूध पीत होता, आणि खरं सांगायचं तर ती त्याच्या दिवसातली सगळ्यात सुखाची पाच मिनिटं होती.

आता मन त्याच्या मागंच लागलं होतं. रजिस्टराचे रकाने भरावेत तसं ते एकेक आठवण ओढून आणत होतं. मागच्या श्रावणात तो आणि पौर्णिमा परंड्याला गेले होते तेव्हा चुलीजवळ टोपल्यात, वाकळेच्या तुकड्यात, एक एवढंसं करडू होतं. चांदणीचं. चांदणी म्हणजे सुमनबाईची लाडकी शेळी, काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके. सुमनबाई कापसाची वात दुधात बुडवून करडाच्या तोंडात धरत होती. "दोन झाली व्हती. एक मेल्यालंच. ह्येचा बी श्वास न्हवता वो. म्या तोंडाला तोंड लावून फुकलं. धा-पंधरा बार फुकलं, तवा पाय हलविला." पौर्णिमानं "ई आई!" म्हणून तोंड फिरवलं. आणि बुद्धघोष काय म्हणाला? "वा, मामी!" हे त्याला स्वच्छ आठवलं, स्वतःच्या आवाजासकट. ज्या प्रश्नानं तो कुठल्याही परक्या दारात सुरुवात करायचा, दिवस भरले होते का, वार पडली का, ती कशानं उचलली, तो प्रश्न त्याला सुचलासुद्धा नाही. सासुरवाडीला कुणी रजिस्टर उघडून बसतं का? शिवाय ती इतकी आनंदात होती. ओल्या, चिकट, रोगानं भरलेल्या त्या इवल्या तोंडाला तिनं तोंड लावलं, आणि रोगाचा माणूस समोर बसून वा म्हणाला.

आणि मग रकान्यातली शेवटची आठवण आली. फोन तर अजूनही रोज यायचा, सातला. "ताप-बीप न्हाय नव्हं?" "ठणठणीत आहे, मामी. तुमचं कसंय?" "मला काय धाड भरलीय." चार महिने अंगात ताप घेऊन तो ठणठणीत म्हणत होता. मग तिकडचं 'मला काय धाड भरलीय' काय म्हणत होतं? बोलता बोलता ती मध्येच थांबायची. बसताना कण्हायची, आणि विचारलं की "कंबर धरलीया जरा, वय झालं." पहाटे झोप लागत नाही म्हणाली होती. संक्रांतीला बोलावलं तर आली नाही, ही बाई, जी लेकीकडं यायला निमित्त शोधायची. ताप, घाम, कंबर. आपल्याला झालं आहे म्हणजे तिला आपल्या आधी झालं आहे, आणि तिच्या मणक्यापर्यंत पोचलं असलं तर एक दिवस ती उठून उभीच राहायची नाही, हे त्याला त्या खिडकीशी कळलं, आणि स्वतःचा ताप तो साफ विसरला.

पौर्णिमाला त्यानं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती आधी पाच मिनिटं स्टँडमागच्या दुधावरूनच बोलली. "म्हणजे मी रोज पातेलं घासत होते ते कशासाठी? माझ्या वर्गातली पोरं बरी, खोटं बोलली की कान तरी लाल होतात त्यांचे." मग तिच्या लक्षात आलं, आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. "आईला पण?" बुद्धघोषनं मान हलवली. दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यातून पक्का निकाल आला, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी लाल होते हे सांगायला डॉक्टर विसरले नाहीत, तरी पहिल्या दिवशी तो दचकलाच. रक्त काढायचं साहित्य पिशवीत भरून शनिवारी दोघं दुपारच्या गाडीत बसले.

गाडीत बुद्धघोषनं एक सुरेख खोटं रचलं. आपल्याला हा आजार प्रयोगशाळेत लागला म्हणायचं. मागं आपण आलो तेव्हा आपल्यापासून तिला लागला असेल, म्हणून तिचं रक्त बघायचं. सगळा दोष आपला. तिच्या दुधाचं नाव नाही, फुंकरीचं नाव नाही, ती फार तर त्याला नोकरी बदलायला सांगेल. तो मनात वाक्यं लावत होता आणि ओठ हलत होते. खिडकीशी बसलेल्या पौर्णिमानं विचारलं, "काय पुटपुटताय?" त्यानं सांगितलं. ती बाहेर बघायला लागली. ज्वारीची काढणी झाली होती, रानं मोकळी पडली होती, कडब्याच्या गंजी तेवढ्या उभ्या होत्या. मग ती म्हणाली, "आणि पुढच्या करडाला ती पुन्हा तोंड लावेल, ते?" तिनं पुढं विचारलं, "गल्लीत कुणाची शेळी अडली की तिलाच बोलावतात, ते?" जे तिला वाचवील तेच तिचं मन मोडणार होतं, आणि मन राखायला जावं तर ती बाई हातची जाणार होती. असला प्रश्न कुठल्याच तक्त्यावर छापलेला नव्हता. पौर्णिमानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी सांगू का?" तो नको म्हणाला. दूध त्यानं प्यालं होतं.

ते पोचले तेव्हा साडेचार झाले होते. सुमनबाई दारातच होती, भिंतीला एक हात लावून. "जय भीम, मामी." "जय भीम, बापू. या, या. वाळलासा की लई." तीही वाळली होती, पण हे तिला सांगायची सोय नव्हती. घरकुलाच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची सावली, सावलीत चांदणी आणि आणखी दोन शेळ्या. श्रावणातलं ते करडू आता शिंगं फुटलेला टवाळ बोकड झालं होतं, आल्या आल्या त्यानं बुद्धघोषच्या पिशवीचा बंद खायला घेतला. चांदणी आटली होती, पण दुसरी शेळी दुधावर होती. सुमनबाई कमरेवर हात दाबत, एक पाय ओढत गेली, भांडं घेऊन बसली, आणि थोड्या वेळानं पितळी पेला घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. वर बोटभर फेस. अकरा वर्षांत त्यानं हा पेला कधी परत केला नव्हता. तो म्हणाला, "आज नको, मामी."

"का वो? उपास हाय का काय तुमाला?" तिला वाटलं जावई चेष्टा करतोय. त्यानं खोटं सुरू केलं. प्रयोगशाळेत काच फुटली, बोट कापलं, अशी दोनतीन वाक्यं तो म्हणाला, आणि समोर तिचा चेहरा इतका घाबरा झाला, ती पेला तसाच हातात धरून त्याच्या बोटांकडं अशी शोधत बघायला लागली, की त्याला पुढं बोलवेना. मग त्यानं सरळ सांगितलं. खाली बघून, ऑफिसच्या भाषेत आधी, मग तिच्या भाषेत. शेळीला एक रोग असतो, तिला त्यानं काही होत नाही, फक्त गाभ पडतो. तो दुधातून येतो. वारेतून, जन्मलेल्या करडाच्या ओल्या अंगातून येतो. मला आलाय. तुम्हालाही आला असेल. माणसापासून माणसाला सहसा लागत नाही, हे सुद्धा तो सवयीनं बोलून गेला, आणि रचलेल्या खोट्याचा शेवटचा टेकू त्यानं स्वतःच काढून टाकला.

सुमनबाईनं पेला खाली ठेवला. त्याच्यावर ताटली झाकली. मग ती ताटलीकडंच बघत बसली. "म्हंजी म्या केलं." पौर्णिमा म्हणाली, "आई, तसं नाही गं." "गप बस तू. दूध माझं, हात माझा." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुमी सांगितलं व्हतं की, बापू. दोन वर्साखाली, समाजमंदिरात, बचत गटाच्या बायांम्होरं. मोठा कागूद टांगला व्हता. दूध उकळा म्हनला व्हता, उघड्या हातानं वार उचलू नगासा म्हनला व्हता. म्या पैल्या लायनीत बसले व्हते. समद्यास्नी सांगत व्हते, माझा जावाई हाय." बुद्धघोषनं हळूच विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मला वाटलं, ते लोकांच्या शेरडांचं हाय."

बुद्धघोषला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "मामी, मला पण तेच वाटलं," तो म्हणाला. खरंच तसंच होतं. जगातल्या सगळ्या शेळ्यांना रोग होऊ शकतो, आपल्या चांदणीला नाही. सगळ्यांनी दूध उकळावं, आपल्या मामीनं दिलेलं सोडून. ज्यांना आपण परकं मानतो त्यांच्यापासून माणूस जपून असतो, आणि हा आजार मात्र येतो तो दावणीच्या जनावराकडून, हातात दिलेल्या पेल्यातून. सुमनबाईनं वर बघितलं. त्याचे डोळे ओले दिसल्यावर तिचं आलेलं रडू जरा मागं हटलं, कारण दुसऱ्याला समजवायचं काम आलं की तिला नेहमीच बळ यायचं. "असू द्या. झालं ते झालं. आता चांदनीचं काय करायचं बोला." त्यानं तेही सांगितलं. तिघींचं रक्त तो नेणार, निकाल येईपर्यंत वेगळं बांधायचं, आणि दाणे आले तर डॉक्टर येऊन घेऊन जातील. "बाजारात न्यायची नाही, मामी." "येडे का काय तुमी. माझ्या दारातलं दुसरीच्या दारात सोडू व्हय? पर न्येत्याल त्या दिशी मला आदी सांगा. म्या रानात जाईन." एवढं बोलून ती उठली, भिंत धरून, आणि चांदणीला सोडून पलीकडच्या खुंटीला बांधून आली. जाताना एकदाही तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

शेळीचं असं चटकन मिटलं, अडलं ते तिच्या स्वतःच्या रक्तावर. सुई नको म्हणजे नको. "मला काय झालंय? कंबर काय, समद्या बायांची दुखती. ताप येतो तर कुनाला येत न्हाय? जातो बी सकाळच्याला." म्हणजे येतो तर. पौर्णिमा रागावली, समजावून झालं, आवाज चढवून झाला. "आई, उद्या अंथरुणाला खिळलीस तर?" "खिळले तर खिळले. माझ्यापायी ह्या मानसाला चार म्हयनं ताप, आन् म्या माझं औषिद करीत बसू? त्येंचं बघ आदी." बुद्धघोषला कळलं की हा हट्ट नाही. ही शिक्षा आहे, तिनं स्वतःला दिलेली. आणि ती माफ करायचा अधिकार त्याला नव्हता, कारण तो दोष देतच नव्हता.

पाच वाजत आले. त्याच्या मणक्यातून ओळखीची थंडी चढायला लागली. दोन दिवसांच्या गोळ्यांनी ताप लगेच हटत नाही. त्यानं काही बोलायच्या आधीच पौर्णिमानं थर्मामीटर काढून त्याच्या काखेत दिला होता. तिनं तो उजेडाकडं धरून वाचला. एकशे एक. "बघितलंस?" ती आईला म्हणाली. सुमनबाई लगबगीनं जागची उठली, कमरेची कळ दातांखाली दाबून, आणि बाजेवर त्याच्याजवळ येऊन बसली. अकरा वर्षांत तिनं जावयाच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. आता तिनं पदर सावरला आणि सरळ त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. जरा वेळ तसाच धरला. मग तिचा चेहरा उजळला.

"न्हाय वो. गार हाय की कपाळ. उगं घाबरवती ही पोरगी. हात लावून बघ तू, पाक गार हाय."

पौर्णिमानं हातातल्या थर्मामीटरकडं पुन्हा बघितलं, आणि मग आईकडं. बुद्धघोष डोळे मिटून बसला होता. कपाळावरचा तो खरबरीत, कष्टाचा, लहानसा हात त्याला चटका देत होता. त्यानं आपला हात वर नेऊन तो तिथंच दाबून धरला.

"मामी," तो म्हणाला, "तुम्हाला मी गार लागतोय?"

"व्हय की..." म्हणता म्हणता सुमनबाई थांबली. तिनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं, थर्मामीटरकडं बघितलं, जावयाच्या लाल झालेल्या डोळ्यांकडं बघितलं. "म्हंजी..." ती हळू म्हणाली, "म्हंजी माझाच हात तापलाय व्हय, बापू?"

पौर्णिमानं पिशवी उघडून पट्टी काढली. "हा हात राहू द्या तसाच," बुद्धघोष म्हणाला, "बरं वाटतंय. दुसरा द्या इकडं." आणि सुमनबाईनं दुसरा हात पुढं केला, आणि सुई दिसली तरी तो मागं घेतला नाही.